पंप

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या तावांवर चूक शोधली.
रेघ सरकलेली, शाई फुटलेली, आकडा आंधळा,
बोट टेकलं की ताव बाजूला.
म्हणून जेलरोडला, माझ्या मागच्या अंगणात
डांगराचा वेल दीड हातावर थबकला
तेव्हा मी आधी चष्मा पुसला.

खालची पानं ठीक. हे वहीत लिहिलं.
ती पिवळी असती तर म्हटलं असतं, उपाशी आहे.
भोकं असती तर तांबडा भुंगा.
हिरव्या-पिवळ्याची गोधडी झाली असती
तर पांढऱ्या माशीने आणलेला रोग.
माघातली थंडी म्हणावी, तर ती सगळा वेल गारठवते,
एकट्या शेंड्याशी तिचं काय वैर?
बिघडला होता तो शेंडाच.
नवी पानं पळीसारखी आत वळलेली,
शिरा एकमेकींना चिकटून,
अर्धवट मिटलेल्या कागदी पंख्यागत,
आणि देठ पिळलेला, जसं ओलं फडकं.

सिन्नर फाट्यावरच्या कृषी केंद्रातला पोरगा
फोटो मोठा न करताच म्हणाला, झिंक.
एकशे ऐंशी रुपये.
नणंद म्हणाली, कुणाला तरी बोट दाखवलं असशील.
वेलाला बोट वाकवून दाखवतात, एवढं कळत नाही?
अगं, अजून फळच धरलं नाही, म्हटलं.
मग फुलाला दाखवलं असशील.
फूलही नव्हतं. पण वाद वाढवला नाही.

रात्री वही मागे मागे चाळत गेले.
लावण. शेणखत, कुणाकडचं, किती पाट्या.
आणि चौदा तारखेला, माझ्याच अक्षरात:
निंबोळी अर्क फवारला. मावा नाही. खबरदारी म्हणून.
पंप गांगुर्डेभाऊंचा.

गांगुर्डेभाऊ कुंपणापलीकडचे.
ह्यांच्या शेवटच्या महिन्यात
बिटको हॉस्पिटलच्या बाकावर नऊ रात्री बसलेले.
त्यांचा पंप थंडीत जावई घेऊन जातो,
गव्हातलं तण मारायला.

संशयावर ताव फाडत नाहीत.
तेलाचे दोन डबे कापले. माती एकाच घमेल्यातली,
चवळीचे पाच-पाच दाणे.
एकाला नळाचं पाणी.
दुसऱ्याला तेच पाणी, पण आधी पंपात ओतून,
हलवून, नळीतून काढलेलं.
खिळ्याने पत्र्यावर कोरलं, अ आणि ब.
मग खिडकीत ठेवून रोज सकाळी
चहाच्या आधी त्यांच्यापुढे उभी राहायचे,
निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तशी.

बाराव्या दिवशी अ-ची तिसरी पानं तळहातासारखी सपाट.
ब-ने मान पिळली होती.
पानं पळीसारखी.
अंदाज बरोबर निघाला म्हणून
क्षणभर आनंद झाला, तोही लिहून ठेवते.
मग आठवलं, फवारणारा हात माझाच होता.

धुण्याचा सोडा घालून पंप तीनदा धुतला.
रात्रभर भरून ठेवला. नळी वेगळी, तोंड वेगळं.
ते पाणी गटारात नाही, मोरीत नाही,
फाटकाबाहेरच्या खडीवर, जिथे गवतसुद्धा धरत नाही.
टाकीवर लाल रंगाने लिहिलं: तण.
आणि परत द्यायला गेले.

हे काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.
मी डांगराचं नाव काढलं नाही.
म्हटलं, ह्याला एकच काम द्या, भाऊ. औषधाला दुसरा घ्या.
ते अक्षरांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले,
गेल्या साली माझी टोमॅटोची रोपं दोनदा उपटली, ताई.
पानं अशीच... आणि बोटांची पळी करून दाखवली.
मला वाटलं, बियाणं फसवं. दुकानदाराशी भांडलो.
त्याच्याशी अजून बोलत नाही.

आज वेलाच्या खालच्या पेरातून फुटवा आलाय.
तिसरं पान किंचित वळलेलं. पहिल्याइतकं नाही.
नोट असती तर बाजूला काढली असती.
नणंद दुपारी आली, कुठे गं, म्हणाली.
मी तर्जनी वाकवली
आणि पेराकडे दाखवलं.